स्पॅनिश शिकवताना आधी काय: संस्कृती की क्रियापदं?

चौथी_सीट: पहिल्याच तासाला 'आब्लो, आब्लास, आब्ला' (मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो) असा क्रियापदाचा तक्ता फळ्यावर लिहिणं बंद करा. त्याऐवजी कॉफी मागायला शिकवा. 'क्येरो उन काफे' (मला कॉफी हवी) व्याकरणात बरोबर, पण कोरडं. स्पेनमधल्या बारमध्ये लोक सर्रास 'मे पोनेस उन काफे?' (मला कॉफी देतोस का?) म्हणतात. कोलंबियात 'मे रेगाला उन तिंतो?', शब्दशः 'मला तिंतो भेट देता का?' तिथे तिंतो म्हणजे काळी कॉफी. स्पेनमध्ये मागाल तर रेड वाइन येईल. दहा मिनिटं संवाद ऐकवा, जोड्या लावून बोलायला लावा, मग तक्ता.

फास्ट_लोकल: ऑफिस सुटल्यावर दादरला येऊन दोन तास बसणाऱ्याला डेले ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा द्यायचीय. वाचन-लेखन एक गट, ऐकणं-बोलणं दुसरा; प्रत्येकात 50 पैकी 30 हवेतच. तिंतोला कोण मार्क देतं? शिवाय 'पोनेस' नुसतं पाठ झालं की पोरं पुढे 'यो पोनो' ठोकतात. 'मी देतो'चं बरोबर रूप 'पोंगो'. आणि नोव्हेंबरात मेक्सिकोच्या 'मृतांच्या दिवसा'साठी वर्गात कागदी कवट्या, झेंडूच्या माळा, फोटो. वाक्यं किती बोलली? शून्य.

चौथी_सीट: कवट्यांबद्दल तक्रार मान्य, ती सजावट झाली. पण मेक्सिकोतल्या त्या दिवसांत (1 आणि 2 नोव्हेंबर) ओफ्रेंदावर, म्हणजे मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर, गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं मांडतात. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात तसंच. तिथे विचारा, आजोबांना काय आवडायचं? 'ले गुस्ताबा एल काफे.' 'आवडायचं'तला '-यचं' म्हणजेच इंपेर्फेक्तो, नेहमी घडायचं ते सांगणारा भूतकाळ. 'आवडलं' म्हटलं की 'ले गुस्तो', जोर शेवटच्या 'तो'वर. हा फरक मराठी माणसाला तक्त्याशिवाय कळतो. (झेंडूही मूळचा तिकडचाच, हे जाता जाता.)

कटिंग_फुल: दोघंही मुद्द्याच्या आसपास फिरताय. घोळ इंग्रजीतून शिकवण्यात आहे. 'आय लाइक'वरून 'यो गुस्तो' असं चुकीचं वाक्य येतं. 'मला आंबा आवडतो, आंबे आवडतात' सांगा, 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस' आपोआप बसतं. उच्चारातही इंग्रजीसारखं 'टाको' नको, 'ताको' म्हणा; आपला दंत्य 'त' आहे ना!

फास्ट_लोकल: गुस्तारचं (आवडणे) पटलं. पण 'पोंगो' कधी शिकवणार ते सांगा.

चौथी_सीट: त्याच तासाला. जोडीतल्या दुसऱ्याला बारवाला करा. गिऱ्हाइकाला त्याचा पहिला प्रश्नच असतो, 'के ते पोंगो?' (काय देऊ?)