फर्नेसचा बोर्ड बदलण्याआधी फ्लेम सेन्सर बघा

तुमच्या फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या यंत्राची, ज्योत पेटते आणि चार-पाच सेकंदांत विझते म्हणताय, म्हणजे थर्मोस्टॅट आणि गॅस बहुतेक ठीक आहेत. मेकॅनिक म्हणतो म्हणून लगेच नवा बोर्ड (फर्नेस चालवणारं सर्किट) घेऊ नका, तो महागडा भाग! बर्नरसमोर पेन्सिलीहून बारीक धातूची दांडी असते, तो फ्लेम सेन्सर. त्यावर पांढुरकं पुट चढलं की बोर्डाला ज्योत कळतच नाही आणि तो गॅस तोडतो. वीज आणि गॅस बंद करा, सेन्सरचा स्क्रू काढून बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसा. सँडपेपर नको, ओरखडे पडतात.

अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्फात फर्नेसला हवा देणारे आणि धूर बाहेर नेणारे भिंतीबाहेरचे पांढरे पाइपही बुजतात, पण तेव्हा बहुधा ज्योत पेटतच नाही. गॅसचा वास आला तर मात्र कशालाही हात न लावता बाहेर पडा, फोनही बाहेरूनच करा.