मदत हवी आहे: ८ ओहमला ठणठणीत चालणारा अ‍ॅम्प ४ ओहमला तडतडतो

सोल्डरवाला: एलएम३८८६ या ध्वनिवर्धक आयसीचा स्टिरिओ अ‍ॅम्प आहे. ट्रान्सफॉर्मर २५-०-२५, रेल (पुरवठ्याच्या धन आणि ऋण तारा) ±३५ व्होल्ट, प्रत्येक रेलला १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ८ ओहमच्या स्पीकरवर काही तक्रार नाही. ४ ओहमचे टॉवर (उंच उभे स्पीकर) जोडून आवाज अर्ध्यावर नेला की बेसच्या प्रत्येक ठोक्याला तडतड येते, कमी केला की बंद. हीटसिंकवर हात ठेवता येतो. आउटपुटला डीसी १२ मिलिव्होल्ट. स्पीकरला सिरीजमध्ये ४ ओहमचा रेझिस्टर लावून ‘एकूण ८’ केले तर?

तारयंत्र: आयसी गेलेली नाही, स्वतःला वाचवतेय. ±३५ वर आउटपुट साधारण ३१ व्होल्ट पीकपर्यंत जातो. म्हणजे ८ ओहमला ३.९ अँपिअर, ४ ओहमला ७.७५. डेटाशीटमध्ये करंट लिमिटची हमी ७ चीच आहे. त्यात ‘४ ओहम’ हा छापील आकडा. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या नियमातही इम्पिडन्स (एसी करंटला होणारा अडथळा) त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३.२ ओहमपर्यंत, उतरलेला चालतो. तिथे मागणी ९.७ अँपिअर! शिवाय स्पीकर निव्वळ रेझिस्टर नाही. फेज सरकली, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे-पुढे झाला, की आयसीवर बरेच व्होल्ट शिल्लक असतानाच जोराचा करंट वाहतो आणि संरक्षण सर्किट क्षणभर आउटपुट आवळते. तीच तडतड. हीटसिंक कोमट आहे यावर जाऊ नका, आतली चिप त्याच्या कितीतरी आधी तापते.

एका आयसीत जास्तीत जास्त किती उष्णता होते त्याचा हिशेब: रेल-ते-रेल व्होल्टेजचा वर्ग भागिले (२ × π² × ओहम). ७० व्होल्टला ८ ओहमवर ३१ वॅट, ४ ओहमवर ६२. एवढी उष्णता या पॅकेजमधून बाहेर काढणे अवघड.

उपाय एकच: २०-०-२० चा, २५०-३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर. रेल ±२७ च्या आसपास येतील, उष्णता ३७ वॅटवर. ४ ओहमला कागदावर ६५ वॅटच्या आसपास मिळतात, म्हणजे आत्ता ८ ओहमला मिळतात त्याहून कमी नाहीत.

खर्जातला सा: रेझिस्टर अजिबात नको. अर्धी ताकद त्यातच जळेल, ते एक वेळ चालेल. पण टॉवरचा इम्पिडन्स बेसच्या रेझोनन्सला (कोन आपसूक जोरात हलतो त्या सुराला) २० ओहम आणि पुढे ४ ओहम असेल, तर एकीकडे १.६ डेसिबल घट, दुसरीकडे ६. बेस त्या एका सुरावर फुगून बसणार. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स ०.१ ओहम असला तर हाच फरक ०.२ डेसिबलसुद्धा नसतो.

चिमटा: दोन आयसी ब्रिज केल्या (स्पीकरच्या दोन टोकांना एकेक, उलट सिग्नलने) तर?

तारयंत्र: उलटे होईल. ब्रिजमध्ये प्रत्येक आयसीला निम्मा, म्हणजे २ ओहमचा लोड दिसतो. जोडायच्याच तर पॅरलल (दोघी एकाच टोकाला): प्रत्येकीच्या आउटपुटला ०.१ ओहमचा रेझिस्टर, मग प्रत्येकीला ८ ओहम दिसेल. मात्र गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ठरवणारे रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घ्या, नाहीतर दोघी एकमेकींनाच करंट पाजत बसतील.

सोल्डरवाला: ट्रान्सफॉर्मरच बदलतो. टॉवर खरोखर किती खाली उतरतो ते घरी कसे मोजायचे? मीटरवर ३.४ दाखवतो.

खर्जातला सा: ३.४ हा कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, इम्पिडन्स नव्हे. १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला आणि हळू आवाजात २० ते ४०० हर्ट्झ साइन टोन वाजवा. स्पीकरवरचे व्होल्टेज भागिले रेझिस्टरवरचे, गुणिले १०. ठोके बेसचे आहेत, त्यामुळे ६० ते ३०० मध्ये बारीक पायऱ्या घ्या. ४०० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात साध्या मल्टिमीटरच्या एसी आकड्यांवर भरवसा ठेवू नका.