मदत हवी आहे: धुळ्यात हुंदडायला दणकट सायकल, जुनी फ्रेम बांधू की नवी घेऊ?

मंडळी, सायकलींच्या धाग्यांवर बहुतेक जण शंभर-दोनशे किलोमीटर मारणारे दिसतात. माझा तसला काही इरादा नाही. मला गावात मजेत फिरायला सायकल हवी, आणि ती मार खाणारी हवी.

वापर सांगतो. देवपुरात राहतो, काम साक्री रोडला. पांझरेचा पूल ओलांडायचा, आग्रा रोडची गर्दी टाळून गल्ल्यांतून निघायचं, येताना पाच कंदीलला भाजी घ्यायची. रविवारी पोरीला मागे बसवून नकाणे तलाव. अंगात आलं तर एकटाच लळिंग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत. माझं वजन ८६ किलो, वर कॅरिअरवर कधी दळणाचा डबा, हिवाळ्यात भरताची वांगी. गल्ल्यांतले रस्ते तुम्हाला माहीत आहेत: एक ढापा वर, एक ढापा खाली, मध्ये पाइपलाइनसाठी खोदलेली चारी, ती बुजवली म्हणायची एवढंच.

तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या नादी लागून पुढे-मागे शॉकअप आणि २१ गिअरवाली घेतली होती. दिसायला मोटारसायकल. पायडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यात जायचा. पहिल्याच पावसाळ्यात नकाण्याच्या बाजूला कच्च्या रस्त्याला लागलो. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी ठासून बसली की चाक फिरेना. काडीने उकरत बसलो, दहा पावलं ढकलली, परत तेच. शेवटी जोरात पायडल मारलं तर मागचा, चेन सरकवणारा गिअरचा डिरेलर वाकून आऱ्यांत गेला. चार आरे तुटले. सायकल खांद्यावर, चपला हातात, असा घरी आलो. ती विकून टाकली.

आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी कॉलेजची सायकल पडली आहे. १९९७ ला वडिलांनी घेऊन दिलेली, लोखंडी फ्रेम, शॉकअप नाही, २६ चं चाक, एकच गिअर. पुढे ४४ दात, मागे १८ चं फ्रीव्हील. रंग गेला, गंज वरवरचा वाटतो. हिलाच उभी करावी असं डोक्यात आहे.

उत्साहात एक घोळ करून बसलो. टायर आणायला गेलो, "२६ चा द्या" म्हणालो. त्याने दिला, मी आणला. चाकावर चढवला तर ढगळा, लहान पोराने बापाची चप्पल घातल्यासारखा. घरी येऊन नीट वाचलं तर त्यावर २६ × १⅜ लिहिलेलं आणि माझ्या जुन्या टायरवर २६ × १.९५. दुकानदार म्हणतो, "सव्वीस तो सव्वीस, भो." परत घेईना.

तर प्रश्न असे. फ्रेम बांधण्यालायक आहे हे कसं ओळखू? एकच गिअर ठेवू का? ब्रेक कोणते? मागे पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक मिळाला तर बसवावा का, मजा वाटते तो. आणि काटे! नकाण्याच्या वाटेवर सराटे आणि बाभळीचे काटे यांनी उच्छाद मांडलाय. बजेट दहा-बारा हजार.

प्रतिसाद १

भाऊ, टायरचं आधी. दशांशात लिहिलेला २६ (१.७५, १.९५, २.१) आणि अपूर्णांकात लिहिलेला २६ हे वेगळे टायर आहेत. टायरच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, टायर रिमवर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, तो बघायचा. तुमच्या रिमला ५५९ लागतो, तुम्ही आणलेला ५९० चा आहे. ३१ मिलिमीटरचा फरक. हवा भरली असती तर टायर रिमवरून उतरून ट्यूब फुटली असती, बरं झालं थांबलात.

फ्रेमसाठी: सगळं उतरवा, रॉकेल आणि तारेच्या ब्रशने घासा. हँडलचा पाइप जिथे जोडला आहे त्याच्या खालची बाजू, पायडलचा डबा, आणि मागचा ॲक्सल बसतो ती खाच, या तीन जागी केसासारखी चीर दिसते का बघा. वरवरचा गंज घासून जातो. पाइपच्या आत टॉर्च मारा, बोटाने दाबून पापुद्रे निघत असतील तर सोडून द्या. मागच्या चाकाच्या खाचा आडव्या आहेत ना? तुमच्या काळातल्या एका गिअरच्या सायकलींना तशाच असतात. मग चाक मागे ओढून चेन ताणता येते, वेगळं काही लागत नाही.

प्रतिसाद २

मी उलटं सांगतो, राग मानू नका. मीही हे केलंय. रिम, हब, आरे, टायर, क्रँक, छर्रे, रंग, मजुरी असं करत करत नव्या साध्या सायकलीच्या वर गेलो आणि वर चार महिने घरचे म्हणत होते की पडवीत भंगार का मांडलंय. बांधायची तर हौस म्हणून बांधा, पैसे वाचवायला नको. नवी घ्यायची तर शॉकअप नसलेली, लोखंडी चिमट्याची (पुढचं चाक धरतो तो), मडगार्ड आणि कॅरिअरचे स्क्रू बसतील अशी बघा. दुकानात अशी मागितली की "जुनं मॉडेल कशाला" म्हणतील, तेच हवंय म्हणा.

धागाकर्ता

राग कसला आप्पा, खरं तेच बोललात. हौस आहेच. पण त्या फ्रेमवर बसून मी एसएसव्हीपीएस कॉलेजला गेलोय, तिला भंगारात घालायला हात होत नाही. पुढचं सांगा.

प्रतिसाद ३

मग ब्रेकवर पैसे घाला, बाकी हळूहळू. तुमच्या सायकलला चकचकीत लोखंडी रिम असेल. पावसात त्याच्यावर रबरं नुसती घसरतात. ॲल्युमिनियमची रिम घ्या, ३६ भोकांची, ८६ किलोला कमी आरे नकोत. पुढे व्ही-ब्रेक, म्हणजे दोन लांब हातांनी रिमला दोन्हीकडून आवळणारा. त्यासाठी चिमट्याला दोन खुंट्या लागतात, जुन्याला नसतील. वेल्डिंग करत बसू नका, खुंट्यावाला साधा लोखंडी चिमटा आणा. जाताना जुन्या चिमट्याची वरची, फ्रेममध्ये शिरणारी दांडी व्हर्नियरने मोजून जा, २५.४ मिमी आहे की २८.६, नाहीतर टायरसारखाच दुसरा घोळ.

आणि ब्रेक लिव्हर जुनी ठेवू नका. व्ही-ब्रेकला जास्त वायर ओढणारी लिव्हर लागते. जुनीवर लिव्हर मऊ लागते, हँडलला जाऊन टेकते आणि रबरं रिमपर्यंत जेमतेम पोचतात. या एका गोष्टीमुळे कित्येक जण "व्ही-ब्रेक भंगार असतात" म्हणत फिरतात.

उलट पायडलच्या ब्रेकचं म्हणाल तर गल्लीत मजा आहे, मागचं चाक मस्त सरकवता येतं. पण लळिंगहून परत येताना फक्त त्याच्यावर अवलंबून राहू नका. अमेरिकेत १९७० च्या दशकात मरिन काउंटीतली काही पोरं असल्याच जुन्या, जाड टायरच्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी त्या उताराची पहिली शर्यत लावली. खाली येईपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं, ते दर खेपेला नव्याने भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. माउंटन बाइक या भंगारातूनच निघाली. तुमच्या शेडमधली फ्रेम म्हणजे त्याच घराण्यातली लांबची नात.

गिअर: ४४ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरतं. जाड टायरला साधारण पाच मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर तासाला १८ किलोमीटर. धुळ्यासारख्या सपाट गावाला हे बरोबर आहे. पोरगी, दळण आणि पुलाचा चढ एकदम आला तर जड वाटेल, मग मागचं फ्रीव्हील २० चं टाका. पुढे कधी गिअर टाकायचा विचार आला तर आधी मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोजा. एका गिअरच्या फ्रेमला ११०-१२० मिमी असतं, हल्लीच्या गिअरवाल्या हबला १३५ लागतं.

प्रतिसाद ४

काट्यांवर गावठी उपाय: जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तरासारखी घाला, कडा घासून पातळ करा. थोडी जड होते, पण सराटा तिथेच अडकतो. हवा दगडासारखी भरू देऊ नका, आपल्याकडे टणटण वाजेपर्यंत भरायची सवय आहे. २.१ च्या टायरला पुढे ४०, मागे ५० पीएसआय पुरे, तोच तुमचा शॉकअप. मडगार्ड टायरपासून दोन बोटं वर बसवा, काळ्या मातीला वाट राहिली पाहिजे. आणि मे महिन्यात सायकल उन्हात उभी करू नका, पंक्चरचे जुने ठिगळ सुटतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल फ्रेम घासली आणि आमच्या गल्लीतल्या बाबांकडे घेऊन गेलो. साठ वर्षांचा माणूस. त्यांनी फ्रेम उचलली, डब्यावर पान्याने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "भो, हाई फ्रेम तुना नातूले बी पुरी." चीर नाही. खाचा आडव्या आहेत. चिमट्याची दांडी २५.४ निघाली.

डब्यातले छर्रे मात्र एका बाजूला नऊच होते, अकरा हवेत म्हणे. म्हणजे तेव्हा कित्येक वर्षं मी दोन छर्रे कमी असलेली सायकल चालवत होतो आणि आवाज चेनचा समजत होतो.

रिम, चिमटा, पुढे व्ही-ब्रेक, लिव्हर, २० चं फ्रीव्हील एवढं ठरलं. मागे सध्या जुनाच ब्रेक. आता शेवटचं विचारतो: खुंट्यावाला साधा चिमटा, २५.४ दांडीचा, धुळ्यात दोन दुकानांत नाही म्हणाले. जळगाव किंवा मालेगावला कुणी बघितलाय का? शनिवारी जाणं आहेच. आणि तो ५९० चा कोरा टायर पडून आहे, कुणाच्या घरी बारीक चाकाची लेडीज सायकल असेल तर सांगा, असाच देतो.