म्हशीच्या प्रसूतीत वेळ नेमकी कुठून मोजावी? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

आमची म्हैस तिसऱ्या वेताची असून कृत्रिम रेतनाच्या नोंदीप्रमाणे येत्या आठवड्यात तिचे ३१० दिवस भरतात. कास भरली आहे, निरण (योनीमुख) सैल व सुजलेली दिसते आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडू लागले आहेत. आधीची दोन्ही वेते कोणाच्याही मदतीविना पार पडल्यामुळे डॉक्टरांना बोलवावे की थांबावे, हा निर्णय घेण्याची वेळ आली नव्हती. या वेळी मात्र पोट बरेच मोठे दिसते, शिवाय रात्री निरोप दिल्यास डॉक्टरांना पोहोचायला उशीर होऊ शकतो, म्हणून आधीच विचारत आहे.

दोन्ही पुढचे पाय, खुरांचे तळवे खाली आणि पायांवर टेकलेले डोके ही पारडाची योग्य स्थिती, इतके मला ठाऊक आहे. अडचण वेळेबाबत आहे. ‘दोन तासांत प्रसूती न झाल्यास पशुवैद्यकास बोलवावे’ असे सर्वत्र लिहिलेले आढळते. पण हे दोन तास जनावर ऊठबस करू लागल्यापासून मोजायचे, जोराच्या कळा सुरू झाल्यापासून की पाणमोट (पारडाभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यापासून, याचा खुलासा कोणी करत नाही. ऊठबस सुरू झाल्यापासून मोजावे तर जवळजवळ प्रत्येक वेळी डॉक्टरांना विनाकारण बोलवावे लागेल, आणि पाणमोटीपासून मोजावे तर जिची पाणमोट बाहेर येतच नाही तिचे काय? म्हशींमध्ये गर्भाशयाला पीळ पडण्याचे प्रमाण गायींपेक्षा अधिक असते, त्यामुळे ही शंका जास्तच सतावते.

दुसरी शंका अशी, की पाय दिसले पण डोके दिसले नाही, तर ते पाय पुढचे की मागचे हे हाताने चाचपून कसे ओळखावे? अनुभवी पशुपालकांनी व पशुवैद्यकांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपली शंका रास्त आहे. येथे एक नव्हे, दोन वेळा स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात.

पहिली वेळ अस्वस्थतेची. या काळात गर्भाशयाचे तोंड उघडत असते. जनावर कळपापासून दूर उभे राहते, ऊठबस करते, वैरण सोडते, शेपटी उचलून थोडे थोडे शेण व लघवी टाकते. हे साधारणपणे दोन ते सहा तास चालते आणि पहिलारू जनावरात त्याहून लांबू शकते. या वेळी हात घालण्याची किंवा ओढण्याची घाई करू नये. मात्र सहा-आठ तास उलटूनही पाणमोट दिसली नाही, तर वाट पाहणे थांबवून डॉक्टरांना बोलवावे. पीळ पडलेल्या म्हशीत सर्वांत फसवी गोष्ट ही, की काही काळाने ती शांत होते, थोडेफार खाऊही लागते, आणि मालकाला वाटते की कळा खोट्या होत्या. दिवस भरलेली म्हैस अस्वस्थ होऊन न विताच शांत झाली, तर माझ्या मते ती अधिक काळजीची बाब आहे. पीळ कोणत्या बाजूचा आहे हे आतून तपासल्याशिवाय कळत नाही आणि म्हशीला त्याच दिशेने लोळवावे लागते, त्यामुळे गावातील कोणी ‘लोळवून बघू’ म्हणाले तरी मान्य करू नये.

दुसरी वेळ पाणमोट दिसल्यापासून किंवा जोराच्या कळा सुरू झाल्यापासून मोजावी. येथे एकूण तासांपेक्षा प्रगती महत्त्वाची. दर अर्ध्या तासाला काहीतरी पुढे सरकले पाहिजे. जोराच्या कळा देऊनही अर्धा-पाऊण तास काहीच दिसले नाही, एकच पाय आला, किंवा डोके आले आणि पाय नाहीत, तर लगेच निरोप द्यावा. डॉक्टर दूर असतील तर आणखी लवकर द्यावा; पारडू आधी जन्मले तर त्यात कोणाचेही नुकसान नाही.

पाय ओळखण्यासाठी खुरापासून वरचे पहिले दोन सांधे वाकवून पाहावेत. दोन्ही एकाच दिशेला वाकले तर पाय पुढचा. विरुद्ध दिशांना वाकले आणि वरच्या सांध्यामागे टोकदार हाड लागले तर पाय मागचा. केवळ तळवे वर आहेत एवढ्यावर पाय मागचे असा निष्कर्ष काढू नये, कारण पाठीवर उलटलेल्या पारडाचे पुढचे पायही तसेच दिसतात. पारडू पायाळू येत असेल तर त्याचा पुठ्ठा (कमरेमागचा भाग) बाहेर पडेपर्यंत संयम ठेवावा. त्यानंतर मात्र विलंब चालत नाही, कारण नाळ दाबली जाते आणि डोके अजून आतच असते.

कळा वाढवण्याचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर तपासणीपूर्वी देऊ नये; मार्ग बंद असताना ते दिल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

मूळ प्रश्नकर्ता:

आपले मनःपूर्वक आभार. अस्वस्थता सुरू झाल्याची वेळ आणि पाणमोट दिसल्याची वेळ गोठ्यातील फळ्यावर वेगवेगळी लिहून ठेवीन. वार (प्रसूतीनंतर बाहेर पडणारी झार) किती वेळात पडली पाहिजे, तेवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद:

बारा तासांपर्यंत वाट पाहावी. तोवर लोंबणारी वार ओढू नये आणि तिला वजनही बांधू नये. त्यानंतरही पडली नाही, किंवा दुर्गंधी, ताप, वैरण न खाणे असे काही दिसले, तर डॉक्टरांना बोलवावे. पारडाला चीक पाजण्यासाठी मात्र वार पडण्याची वाट पाहू नये. पहिल्या एक-दोन तासांतच तो पाजावा.