डरवेंटवॉटर परिसरातील पदभ्रमंती : मार्ग निवडण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, केझिक येथे, आम्ही दोघे ऑक्टोबरमध्ये चार दिवस राहणार आहोत. डरवेंटवॉटर तलावाभोवतीची पायवाट सुमारे १६ किलोमीटर असून ती बहुतांशी सपाट आहे, आणि वाटेतील धक्क्यांवर लाँच थांबत असल्यामुळे दमल्यास उरलेले अंतर पाण्यावरून कापता येते, म्हणून तिच्याविषयी फारशी चिंता नाही.

खरा प्रश्न पश्चिम काठावरील ४५१ मीटर उंचीच्या कॅटबेल्स या डोंगराचा आहे. उंची किरकोळ वाटते (सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तर हसूच येईल), परंतु माथ्याजवळ हात टेकून चढावे लागणारे खडक आहेत आणि माझ्या पत्नीचा गुडघा उतारावर दुखतो. हे खडक चढतानाच पार व्हावेत यासाठी उत्तरेकडील हॉज एंडहून चढून दक्षिणेला मॅनेस्टीकडे उतरणे योग्य ठरेल का, की तो उतारही गुडघ्यांना तितकाच जाचक आहे?

शिवाय, तलावाच्या दक्षिणेकडील बॉरोडेल हे खोरे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक असल्याने, जोरदार पावसानंतर तलावाच्या दक्षिण टोकाच्या दलदलीवरील लाकडी फळ्यांची वाट चालण्याजोगी राहते का? तेथे प्रत्यक्ष चाललेल्यांनी कृपया सांगावे.