१९६५ च्या मस्टँगचा चेसिस नंबर कसा वाचायचा?

प्रश्न: फोर्ड मस्टँग फास्टबॅक (छत मागे उतरत गेलेली) बघतोय. दारावरच्या पट्टीवर ५एफ०९के ने सुरू होणारा नंबर आहे, पण एकूण ११ च अक्षरं-आकडे. १७ नकोत का?

उत्तर १: १७ चा नियम १९८१ च्या मॉडेलपासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत. इथे ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्न कारखाना (आर सॅन होजे, टी मेटुचेन), ०९ फास्टबॅक, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं २८९ घनइंची इंजिन. शेवटचे सहा आकडे अनुक्रमांक.

उत्तर २: पट्टीवर विसंबू नका. ती रिव्हेटवर बसते, नवी करून मिळते, दारही बदललेलं असू शकतं. बॉनेट उघडा. डाव्या मडगार्डच्या कडेला खाच दिसेल, तिथे आतल्या पत्र्यात तोच नंबर ठोकलेला हवा. रंग चढला असेल तर थिनरने हळूहळू काढा, ग्राइंडर मुळीच नको. के गाड्यांना भाव जास्त, म्हणून खाडाखोड तिथेच होते. एखादं अक्षर जास्त खोल गेलंय का, भोवती वेल्डिंगची रेघ आहे का, हे टॉर्च तिरका धरून बघा. शंका उरली तर मडगार्ड उतरवा, खाली झाकलेला ठसा सापडतो.

उत्तर ३: पट्टीवरचा बॉडी कोडही जुळवा. फास्टबॅकचा ६३ ने सुरू होतो. ६५ असेल तर ती हार्डटॉपची, म्हणजे दुसऱ्या बॉडीच्या पक्क्या छताच्या मस्टँगची पट्टी.