मदत हवी आहे: ताप गेला, एक्स-रेतला डाग तसाच. औषध बदलायचं का?

सिडकोकर: न्यूमोनिया, उजवीकडे खाली. ताप उतरला, जेवण चालू आहे. काल पुन्हा एक्स-रे काढला तर डाग तेवढाच. घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही, दुसरं सुरू करा. लवकर सांगा.

गोदाकाठ: कोणाला झालाय? वय, शुगर, औषधाचा कितवा दिवस, ऑक्सिजन किती? काहीच न लिहिता "लवकर सांगा"!

द्राक्षबाग: निफाडचा पारा बघा की. थंडी छातीत बसलीय. ओवा घालून तीनदा वाफ द्या, डाग जाईल.

फिल्मवाचक: वाफेने फार तर नाक मोकळं होईल. डाग वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत आहे. घशातले जंतू, बऱ्याचदा न्यूमोकोकस, झोपेत लाळेबरोबर खाली उतरतात. एरवी खोकला आणि भक्षक पेशी त्यांना निपटतात. ते जमलं नाही की केशवाहिन्या पाझरतात आणि हवेच्या जागी पाणी भरतं. दोन-तीन दिवसांत रक्तातल्या तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे) साचून तो भाग यकृतासारखा घट्ट होतो, पुढे करडा पडतो. जंतू मेले तरी हा गाळ लगेच हटत नाही, शरीर तो आठवडे घेऊन साफ करतं. नुसती फिल्म पाहून औषध बदलू नका.

द्राक्षबाग: मग हिवाळ्यातच न्यूमोनिया का वाढतो?

फिल्मवाचक: बंद खोल्या आणि फ्लू. फ्लूने श्वासनळीचं अस्तर खरवडलं की जंतूंना वाट मोकळी.

पंचवटी_माई: लहान मुलांचा श्वास मोजा हो! २ ते ११ महिन्यांच्या बाळाचा मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर लगेच दाखवा. पूर्ण मिनिट मोजायचा, बाळ शांत असताना. न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही लस दीड, साडेतीन आणि ९ महिन्यांना.

गोदाकाठ: माई, बाळाचं कोणी विचारलंच नाहीये. सिडकोकर, उतारवयात डाग जायला ६ ते १२ आठवडेही लागतात. त्यानंतरही राहिला तर सीटी. वजन घटत असेल किंवा खोकला हटत नसेल तर बेडक्याची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) आधीच करा, टीबी सुटायला नको. आणि उजवी श्वासनलिका रुंद आणि जास्त सरळ असते, चुकीच्या वाटेने गेलेला घास बहुधा तिकडेच उतरतो. जेवताना ठसका लागतो का?

सिडकोकर: बाबा, ६८. शुगर आहे. सहावा दिवस. ऑक्सिजन ९१. ठसका लागतो, पण तो पक्षाघातानंतरचा, ते वेगळं.

गोदाकाठ: वेगळं कसं? मूळ तिथेच असू शकतं! आणि ९१ आत्ता सांगताय? बोट चोळून गरम करा, पुन्हा मोजा. ९४ च्या खालीच राहिला तर आजच दवाखाना. भरलेल्या वायुकोशांजवळून रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं, हा आकडा त्याचाच. गिळण्याची तपासणी मागून घ्या. तोवर ताठ बसवून लहान घास, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

सिडकोकर: पुन्हा ९१. निघतोय. जुनी फिल्म न्यायची का?

फिल्मवाचक: दोन्ही न्या. औषधाची चिठ्ठीही.